गोळीच्या जोडीला ध्यान: चालेल, पण कसं?



मागच्या बुधवारी आपण बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी आजाराबद्दल बोललो. त्यानंतर स्टुडिओत बरेच फोन आले आणि त्यातले कितीतरी एकाच गोष्टीबद्दल होते. कुणी विचारलं, "ताई, गोळ्या चालू आहेत, जोडीला ध्यान केलं तर चालेल का?" कुणी विचारलं, "ध्यान केलं तर गोळ्या बंद होतील का?" ऐकायला दोन्ही प्रश्न सारखेच. उत्तरं मात्र अगदी वेगळी. पहिल्याचं उत्तर, हो, थोडी काळजी घेऊन. दुसऱ्याचं उत्तर, नाही. आज त्या 'हो'बद्दल आणि त्या 'थोडी काळजी'बद्दल बोलू या.

ज्यांचा मागचा भाग चुकला त्यांच्यासाठी आधी चार शब्द. या आजारात मनाला भरती-ओहोटी येते. आपल्या सगळ्यांनाच कधी बरं वाटतं, कधी उदास वाटतं, ते हे नव्हे. भरती आली की बाई तीन तास झोपते आणि तरी दमत नाही. रात्री दोनला उठून घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढते. बोलणं थांबत नाही, डोक्यात एकाच वेळी दहा बेत. उधारीवर सहा साड्या येतात, बचत गटाच्या पैशातून कुणाला तरी मदतीचा शब्द दिला जातो. कुणी अडवलं की भडका उडतो. याला उन्माद म्हणतात. शेजारणी म्हणतात "अंगात आलंय", आणि घरचे देवऋषाकडे घेऊन जातात. मग काही आठवड्यांनी ओहोटी लागते. वेणी घालायला हात उचलत नाही, पोराच्या डब्याचं सुचत नाही, जगून करायचं काय असं वाटतं. तेव्हा तेच घरचे म्हणतात, "आळशी झालीय." बहुतेकींच्या वाट्याला भरतीपेक्षा ओहोटीचे दिवस कितीतरी जास्त येतात. आणि या दोन्हींच्या मधे चांगले दिवस असतात, महिने असतात, कधी वर्षंही असतात. आजचं बोलणं मुख्यतः त्या मधल्या दिवसांचं आहे.

उपचाराचा पाया औषध. लिथियम हे नाव तुमच्यापैकी काही जणींनी चिठ्ठीवर वाचलं असेल. तो एक साधा क्षार आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांना तो देऊन पाहिला, आणि आज पाऊणशे वर्षांनंतरही तो या आजारातलं पहिल्या फळीतलं औषध आहे. लिथियम पुढचे झटके रोखायला मदत करतं, शिवाय आत्महत्येचा धोकाही कमी करतं. दुसरीही औषधं आहेत, कुणाला कोणतं ते डॉक्टर ठरवतात. औषधाचं हे काम ध्यान करू शकत नाही. हे मी आधीच सरळ सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना गैरसमज नको.

मग ध्यान हवं कशाला? कारण झटका गेला तरी मन लगेच निवत नाही. गावात आपण काय काय बोललो, कुणाला शिव्या दिल्या, किती पैसे उधळले, हे सगळं नंतर आठवतं आणि लाज वाटते. परत येईल का, ही भीती रोज सकाळी दारात उभी असते. छातीत धडधड, हातापायात कापरं, रात्री तेच तेच विचार. हे असं चिंतेत जगणं गोळीनं पूर्ण जात नाही, आणि इथेच सजगतेचा उपयोग होतो.

इंग्रजीत ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याला आपण सजगता म्हणू. आत्ता, या क्षणी, श्वासात काय चाललंय, अंगात काय चाललंय, मनात काय चाललंय, ते बघायचं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही आणि लगेच बदलायलाही धावायचं नाही. याचं मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी दुखण्यानं आणि ताणानं बेजार झालेल्या रुग्णांसाठी त्याचा वर्ग सुरू केला. त्यात पूजा नाही, मंत्र नाही, कुठल्याही धर्माच्या बाईला करता येईल असा. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यात नैराश्याच्या विचारांना ओळखण्याचा भाग जोडला. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलं होतं अशा लोकांचा अभ्यास त्यांनी २००० साली प्रसिद्ध केला. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांपैकी शंभरात ६६ जणांना नैराश्य परत आलं. वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ होतं.

हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की मग द्विध्रुवी आजारातही असंच होईल. पण त्या अभ्यासातलं नैराश्य एकेरी होतं, त्याला भरतीची बाजू नव्हती. द्विध्रुवी आजार असलेल्यांचा एक अभ्यास ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी केला आणि तो २०१३ साली छापून आला. ९५ माणसं होती. निम्म्या लोकांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आठ आठवड्यांचा वर्ग दिला, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. मग वर्षभर सगळ्यांवर लक्ष ठेवलं. झटके कमी झाले का? नाही. दोन्ही गटांत सारखेच. चिंता मात्र वर्ग केलेल्यांत कमी झालेली दिसली. आणखी एक गोष्ट दिसली. जे लोक आठवड्यातून किमान तीन दिवस नेमानं सराव करत होते त्यांची उदासी आणि चिंता इतरांपेक्षा कमी होती. आता यात एक गोम आहे हं. सरावामुळे त्यांना बरं वाटलं, की बरं वाटत होतं म्हणून त्यांच्याकडून सराव झाला, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही थोडं थोडं असावं. पण "ध्यानानं बायपोलर बरा होतो" असं सांगणारे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांच्यापुढे हा अभ्यास ठेवावा असा आहे.

प्रत्यक्षात करायचं काय? वर्गात शिकवतात त्यातली एक छोटी गोष्ट सांगते, साधारण तीन मिनिटांची. उभ्यानं करा, बसून करा, चुलीपुढे करा. आधी थोडा वेळ नुसतं बघायचं की आत्ता काय आहे. छातीत धडधड आहे. नणंदेच्या बोलण्याचा राग आहे. "मी घराला भार आहे" असा विचार आला आहे. इथे शब्द नीट ऐका: मी भार आहे असं नाही, तसा विचार आला आहे असं. एवढ्याशा फरकानं विचार जरा लांब उभा राहतो. मग थोडा वेळ फक्त श्वास. नाकाशी जाणवेल, पोटाशी जाणवेल, जिथे जाणवेल तिथे. मन पळेल. पळू दे, परत आणायचं. आणि शेवटी लक्ष सगळ्या अंगावर पसरायचं: जमिनीला टेकलेले तळपाय, आवळलेला जबडा, वर उचललेले खांदे. झालं. पुन्हा कामाला लागा.

ज्यांना झोपून करायला आवडतं त्यांच्यासाठी पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेण्याचा सराव असतो. तो अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. सुरुवातीला एवढा लांब नको.

आता मला ज्यावर जास्त बोलायचं आहे तिथे येते. आमच्या तालुक्याच्या गटात एक ताई येतात. दोन वर्षं त्यांची तब्येत चांगली आहे, गोळ्या नियमित आहेत. पुतणीच्या हळदीला त्या मनापासून गायल्या, दोन फुगड्याही घातल्या. त्यांच्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आज गोळी घेतलीस ना गं?" ताई आम्हाला सांगत होत्या, "मला आता हसायचीही चोरी झालीय." घरच्यांना तरी काय म्हणणार? त्यांनी मागचा उन्माद निस्तरलेला असतो, त्यांना धसका असतो. पण ज्या बाईच्या प्रत्येक हसण्यावर आणि प्रत्येक चिडण्यावर आजाराचा शिक्का बसतो, तिला स्वतःच्या मनाचा भरवसा वाटेनासा होतो. खरोखर आनंद झालाय की आजार वर चढतोय, हे तिचं तिलाच कळेनासं होतं. आणि मग वैतागून एक दिवस ती गोळ्याच सोडते, "मी बरी आहे" हे दाखवायला.

सजगता इथे कामाला येते. नेहमीच्या दिवशी आपला वेग किती असतो, हे ज्या बाईनं रोज बघितलेलं असतं, तिला वेग बदललेला लवकर कळतो. भाकरी थापताना हात रोजच्यापेक्षा भराभर चालताहेत. समोरची बोलत असताना तिचं वाक्य संपायची वाट बघवत नाही. रंग जास्त उजळ दिसताहेत. पायात चाकं लागल्यासारखं वाटतंय. ओहोटीच्या आधीच्या खुणा वेगळ्या: आंघोळीचा कंटाळा, फोन उचलू नये असं वाटणं, चहाची चव न लागणं. प्रत्येकीच्या खुणा निराळ्या असतात, त्या ज्याच्या त्यालाच सापडतात. सापडल्या की कागदावर लिहून ठेवायच्या.

सगळ्यात भरवशाची खूण झोप. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब लिहितोच, त्याच चौकोनात रात्री किती तास झोप झाली तो आकडा लिहा. सात, साडेसहा, सात, पाच, चार. हे आकडे घसरताना दिसले आणि तरीही दिवसभर दमल्यासारखं वाटत नसेल, तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. चार तास झोपून दमणं वेगळं आणि चार तास झोपून ताजंतवानं वाटणं वेगळं. दुसरं जास्त धोक्याचं.

त्या ताईंनी हेच केलं. पुढच्या एका लग्नात परत कुणीतरी टोमणा मारला तेव्हा त्यांनी मनातल्या मनात बघितलं. काल रात्री साडेसहा तास झोप. अंगात घाई नाही. बोलणाऱ्याचं ऐकून घेता येतंय. म्हणजे हा आनंदच. त्या खुशाल गायल्या. आणि दिवाळीच्या आधी, फराळाच्या गडबडीत, घरात कुणाच्या लक्षात येण्याआधी त्या स्वतःच म्हणाल्या, "तीन दिवस झाले, चारच तास झोपतेय, मला दवाखान्यात घेऊन चला." डॉक्टरांनी औषधात थोडा बदल केला आणि तो झटका आला तसा विरला. जाऊबाई आता टोमणे मारत नाहीत. अधूनमधून विचारतात, "काल किती झालं?" आणि ताई आकडा सांगतात.

पण याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. भरती एका उंचीच्या वर गेली की बघणारीच वाहून जाते. उन्मादात आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. म्हणून बरं असतानाच एका भरवशाच्या माणसाशी ठरवून ठेवायचं. बहीण असेल, नवरा असेल, आशाताई असतील. आपल्या खुणांचा कागद त्यांच्याकडेही द्यायचा. आणि एक नियम दोघींनी पाळायचा: मोठा खर्च, कर्ज, घर सोडणं, नोकरी सोडणं, असा कुठलाही निर्णय ४८ तास थांबवायचा आणि दोन माणसांना विचारल्याशिवाय करायचा नाही. हा नियम या आजाराच्या समुपदेशनात पूर्वीपासून वापरतात. सजगता त्या ४८ तासांत थांबायला मदत करते. कल्पना खरंच चांगली असेल तर दोन दिवसांनंतरही ती चांगलीच असते.

आता ती 'थोडी काळजी'. ध्यान म्हटलं की आपल्याकडे एक पूर्ण गाठोडंच येतं: पहाटे उठणं, मौन, उपवास, शिबिर, जागरण. द्विध्रुवी आजारात हे गाठोडं सोडून एकेक वस्तू वेगळी बघावी लागते.

झोपेचं सांगितलंच. पहाटे चारला उठून ध्यान करायचं आणि रात्री अकराला भांडी घासून झोपायचं, हा हिशेब जमत नाही. या आजारात एका रात्रीचं जागरणसुद्धा भरतीला आमंत्रण ठरू शकतं. ध्यानासाठी झोप कापायची नाही. कापावंच लागत असेल तर ध्यान कापा.

उपवासाचं लिथियमशी जवळचं नातं आहे. लिथियम रक्तात ठरावीक पातळीतच हवं, साधारण ०.६ ते १. म्हणून तर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, आणि त्याच्याबरोबर मूत्रपिंड आणि थायरॉइडही तपासतात. पोटात पाणी आणि मीठ एकदम कमी झालं की लिथियम रक्तात साठायला लागतं. निर्जळी उपवास, उन्हात दिवसभर खुरपणी, जुलाब-उलट्या, या सगळ्यांत हा धोका असतो. हात जास्त कापायला लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या, तर तसंच उठून दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही ही पातळी वाढते. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पाणी पिऊन.

शिबिरांचंही सांगते, कारण इगतपुरी आपल्यापासून लांब नाही आणि तिथलं नाव निघाल्याशिवाय ध्यानाची गप्पा संपत नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठायचं असतं, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसायचं असतं आणि बोलायचं नसतं. कितीतरी लोकांना त्याचा फायदा झालाय, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ते लोक स्वतःच हे शिबिर सुचवत नाहीत, आणि अर्जात आजाराबद्दल, औषधांबद्दल विचारलेलं असतं. काही जणी तिथे आजार लपवतात, काही जणी जाण्याआधी गोळ्या बंद करतात. कृपा करून यातलं काहीही करू नका. कडक शिबिरानंतर उन्माद उसळल्याच्या नोंदी वैद्यकीय मासिकांत आहेत. थोड्याच आहेत, पण आहेत. आठवड्याला एकदा दोन तास भरणारा वर्ग आणि घरी रोजचा थोडा सराव, ही गोष्ट वेगळी. दहा दिवस सलग मौनात बसणं ही वेगळी.

आणि वेळ. भरती जोरात असताना डोळे मिटून बसायला सांगू नये, विचार आणखी उधळतात. खोल ओहोटीतही एकटीनं डोळे मिटून बसलं की वाईट विचारांचंच दळण सुरू होतं. तेव्हा डोळे उघडे ठेवून, अंगणात सावकाश चालत, पाऊल टेकतंय उचलतंय एवढंच बघणं पुरे. तेही नको वाटलं तर सोडून द्या, आणि बरं वाटल्यावर परत धरा. सराव करताना जुने आघात, मारहाण, असं काही उसळून वर आलं, तर तिथेच थांबा आणि समुपदेशकाला सांगा.

फोनवर आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली. एका ताईंनी विचारलं, मूल हवंय, मग गोळ्या सोडून ध्यानावर राहू का? नाही. पण दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला, कारण व्हॅल्प्रोएट नावाच्या औषधानं गर्भातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो आणि डॉक्टर त्याऐवजी दुसरं देऊ शकतात. परस्पर बंद करू नका. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजारात सगळ्यात नाजूक असतात, तेव्हा रात्री बाळाला कोण बघणार हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

दुसऱ्या एका आजींनी विचारलं, आजार सुनेला आहे, पण झोप माझी उडालीय, मी हे केलं तर चालेल का? चालेल आजी, जरूर करा. तीन मिनिटांचंच करा, आणि जमलं तर तिच्या शेजारी बसून.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, लिथियमची चौकशी तिथे करा आणि रक्ततपासणीची तारीखही तिथेच विचारून घ्या. टेली मानसचा क्रमांक १४४१६ आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मरून जावं असं वाटत असेल, किंवा घरात कुणी तसं बोलत असेल, तर सकाळची वाट न बघता याच नंबरवर फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

पुढच्या बुधवारी आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिका येणार आहेत, लिथियमची रक्ततपासणी कधी आणि कशी करतात ते सांगायला. तुमचे जुने रिपोर्ट जवळ घेऊन बसा. नमस्कार.